विंचला दुसरी बॅटरी: मेव्हण्यांची गाडी आणि तुमची गाडी

प्रश्न बेळगावजवळच्या जांबोटीकडच्या एका पिकअपवाल्या भाऊंचा आहे. त्यांची १२ व्होल्टची डिझेल पिकअप, बीएस-४ मधली. हौद्यात मागच्या अंगाला १२,००० पौंडी, म्हणजे साधारण साडेपाच टनी इलेक्ट्रिक विंच (ड्रमवर दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) बसवलेली. पावसाळ्यात कणकुंबी, चोर्ला आणि खाली खानापूरपर्यंत गटारात, चिखलात गेलेल्या गाड्या ते ओढून काढतात. तक्रार अशी की दोन गाड्या निघेपर्यंत ठीक चालतं, तिसरीला विंच रडायला लागते, आणि इंजिन बंद केलं की सेल्फ नुसता ‘टक्’ करतो. मग धक्का मारायला माणसं शोधायची, ती पण पावसात. त्यांचे मेव्हणे कॅनडात बर्फ ढकलणारी पिकअप चालवतात. त्या गाडीला दोन बॅटऱ्या सरळ पॅरललमध्ये (प्लस प्लसला, मायनस मायनसला) आहेत, वर्षानुवर्षं काही तक्रार नाही. तर तसंच करू का? नाहीतर घरातली इन्व्हर्टरची १५० एएचची (अॅम्पिअर-तासाची) ट्यूब्युलर उचलून हौद्यात ठेवू का?

दुसरी बॅटरी बसवाच. पण मेव्हण्यांसारखी नको, इन्व्हर्टरची तर अजिबात नको, आणि पहिल्या बॅटरीशेजारीही नको. ती विंचच्या बुडाशी बसवा. का, ते सांगतो. थोडा हिशोब आहे, तेवढा सोसा.

मेव्हण्यांचं काम आधी बघू. बर्फाचं पातं वर-खाली, डावी-उजवीकडे करायला पुढं एक हायड्रॉलिक पंप असतो, त्याची मोटर बॅटरीवर चालते. पातं उचलताना ती दीडशे-दोनशे अॅम्पिअर खाते. आकडा मोठा, पण वेळ किती? दोन-तीन सेकंद. २०० अॅम्पिअर तीन सेकंद म्हणजे एका उचलीला ०.१७ एएच. तासाला साठ वेळा पातं उचललं तरी दहा एएच. त्यांच्या गाडीचा अल्टरनेटर दांडगा असतो, मधल्या वेळात तो हे भरून काढतो. आणि त्या मोठ्या डिझेल पिकअपना दोन बॅटऱ्या कंपनीतूनच येतात. पात्याचा त्याच्याशी संबंध नाही, थंडीत इंजिन फिरवायला त्या लागतात. उणे १८ ला बॅटरीची सेल्फ मारायची ताकद निम्म्याच्या आसपास येते आणि ऑइल काकवीसारखं घट्ट होतं. मी फौजेत ईएमईत, म्हणजे यंत्रदुरुस्तीच्या शाखेत असताना लेहकडं हे हातानं सोसलंय. रात्री बॅटऱ्या काढून बुखारीच्या (शेगडीच्या) खोलीत आणून ठेवायचो. चार्ज उतरलेली बॅटरी बाहेर राहिली तर उणे दहाच्या आतबाहेर आतलं पाणी गोठून डबा फुटतो. पूर्ण चार्ज असलेलीला उणे पन्नासपर्यंत काही होत नाही. तेव्हा मेव्हण्यांच्या दोन बॅटऱ्या त्यांच्या जागी बरोबर आहेत.

आता तुमचं. विंच मोकळी फिरताना साठ-सत्तर अॅम्पिअर घेते. चिखलात रुतलेली गाडी तिला लागली की दोनशे-अडीचशे. अगदी जोर लागला तर चारशेपर्यंत जाते. आणि तुमचं काम सेकंदांचं नाही. एक गाडी बाहेर काढायला बटण दाबून-सोडून पाच मिनिटं तरी मोटर चालते. २५० अॅम्पिअर पाच मिनिटं म्हणजे २१ एएच. तेवढ्या वेळात डायनामोनं (अल्टरनेटरलाच आपण डायनामो म्हणतो) किती दिलं? त्याच्यावर ९० लिहिलेलं असलं तरी ते इंजिन पळताना. आयडलला, गरम झाल्यावर ४० मिळाले तरी पुष्कळ. त्यातले पंचवीस हेडलाइट, वायपर आणि ब्लोअरनं खाल्ले. उरले पंधरा. पाच मिनिटांत सव्वा एएच. एकवीस गेले, सवा आला. अशा तीन गाड्या काढल्या की ८० एएचच्या बॅटरीतून साठ गेले. डब्यावर लिहिलेले ८० सुद्धा वीस तास हळूहळू, चार अॅम्पिअरनं काढले तर मिळतात. अडीचशेनं ओरबाडले तर निम्म्याच्या पुढं फार हाती लागत नाहीत. मग सेल्फनं ‘टक्’ नाही करायचं तर काय करायचं?

आता दोन बॅटऱ्या सरळ पॅरललमध्ये जोडल्या तर काय होईल? दोनाच्या जागी चार गाड्या निघतील. पाचवीला दोन्ही बॅटऱ्या एकदम झोपतील. आज एक मेलेली बॅटरी घेऊन चोर्ल्यात उभे राहता, उद्या दोन मेलेल्या घेऊन.

म्हणून सेल्फची बॅटरी वेगळी आणि विंचची वेगळी. चार्जिंग दोघींना, पण विंचनं पहिलीला हात लावायचा नाही. हे एक कारण झालं. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि ते वायरीत आहे.

गेल्या पावसाळ्यात तुमच्यासारखीच एक पिकअप माझ्याकडे आली होती, मागं विंच, तक्रार पण हीच. मालक म्हणाला, बॅटरी नवी आहे, विंच खराब आहे, बदलून द्या. मी म्हटलं थांबा. अंगणात उसाची भरलेली ट्रॉली उभी होती, तिला पट्टा अडकवला, ट्रॉलीच्या चाकांना दगड लावले आणि टाँग टेस्टर (केबलभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा मीटर) केबलला घातला. एक सांगतो, टाँग टेस्टर डीसी मोजणारा पाहिजे. घरवायरिंगवाल्यांचा एसीचा असतो, तो इथं शून्य दाखवत बसतो आणि माणूस म्हणतो करंटच नाही. तर बटण दाबलं, २६० अॅम्पिअर. बॅटरीच्या बुशांवर (शिशाच्या टोकांवर) ११.२ व्होल्ट. विंचच्या स्टडवर ८.३. म्हणजे २.९ व्होल्ट वाटेत गायब. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी विंचच्या प्लसवर धरली: १.० व्होल्ट. तो केबलचा. २५ स्क्वेअरची (चौरस मिलिमीटरची) पाच मीटर केबल होती, २६० अॅम्पिअरला तेवढा जातोच. मग मायनसची बाजू, बॅटरीच्या मायनस बुशापासून मोटरच्या बॉडीपर्यंत: १.९. मायनसची केबल बसवणाऱ्यानं वाचवली होती. विंच चासीला अर्थ, बॅटरी चासीला अर्थ, झालं काम. बोल्ट रंगावरच आवळलेला. त्या एका वाटेवर १.९ गुणिले २६०, जवळजवळ ५०० वॅट उष्णता. चहाचं पातेलं ठेवता आलं असतं. बोल्टभोवतीचा रंग फुगून पापड झाला होता. थिंबल (केबलच्या टोकाचं दाबून बसवायचं टोपण) कापून उघडलं तर आत तांबं हिरवं, बोटानं चोळलं की भुगा. हातोडीनं ठोकून चेपलेलं थिंबल, त्यात दोन पावसाळ्यांचं पाणी.

आता हे नीट समजून घ्या. ओढायची ताकद करंटवर असते, वेग व्होल्टेजवर. तीच गाडी ओढायला मोटर तेवढाच करंट घेणार, पण ११ च्या जागी ८ व्होल्ट मिळाले की हळू फिरणार. पाच मिनिटांचं काम सात-आठ मिनिटांचं होतं, आणि तेवढा वेळ अडीचशे अॅम्पिअर चालूच. म्हणजे बारीक केबल त्याच कामाला तुमची बॅटरी दीडपट रिकामी करते, आणि शिव्या बॅटरी कंपनीला बसतात.

बॅटरी विंचच्या बुडाशी का, ते आता ध्यानात येईल. इंजिनापासून मागं विंचपर्यंत जाऊन-येऊन दहा मीटर होतात. त्यात ७० स्क्वेअरची केबल टाकलीत तरी ३०० अॅम्पिअरला पाऊण व्होल्ट जातो, आणि ७० स्क्वेअरचं दहा मीटर तांबं आज काय भावानं येतं ते दुकानात विचारून बघा. तीच बॅटरी विंचपासून मीटरभर अंतरावर ठेवली तर जाऊन-येऊन दोन मीटर. ७० स्क्वेअरमध्ये ०.१५ व्होल्ट. झालं. आणि तुमची जुनी केबल २५ स्क्वेअरची असेल तर ती फेकून द्यायची नाही. ती आता नुसतं चार्जिंग नेईल, ४०-५० अॅम्पिअर, त्याला ती ऐसपैस होते. थिंबल तेवढी नवीन करा.

केबल घेताना डोळे उघडे ठेवा. वेल्डिंग केबल चालते, उलट लवचिक म्हणून मी तीच वापरतो. पण बाजारात वरून तांब्याचा मुलामा आणि आत अॅल्युमिनियम असला माल फार आहे, तो वर्षभर छान लाल दिसतो. एक तार काढून ब्लेडनं खरवडा, आत पांढरी निघाली की परत द्या. नाहीतर लायटर लावा. तांबं लाल होतं आणि टिकतं, बारीक अॅल्युमिनियम वितळून तुटून पडतं. तसली केबल ७० म्हणून घेतली तर ४५ च्या तांब्याइतकंच काम करते. थिंबल हायड्रॉलिक पंचानं दाबून घ्या, बेळगावच्या उद्यमबागेत कुठल्याही पॅनेलवाल्याकडे असतो, दहा मिनिटांचं काम. वरून गरम करून बसवायची स्लीव्ह, आतून गोंद असलेली. हातोडी घरी ठेवा.

आता बॅटरी कुठली. इन्व्हर्टरची ट्यूब्युलर नको म्हणालो, त्याचं कारण. तिच्या प्लेटा जाड असतात, रात्रभर पंखा-लाइट चालवायला केलेल्या. हळूहळू खूप देते, पण एकदम मागितलं की आतल्या आत अडते. अडीचशे अॅम्पिअर मागा, व्होल्टेज बदकन खाली बसतं. त्यात ती पन्नास-साठ किलोची, उंच, टोपण सैल. आपल्या रस्त्यावर खड्ड्यात आदळली की अॅसिड हौद्यात, आणि हौद्याचा पत्रा गेला म्हणून समजा. निपाणीकडच्या एका भावानं तंबाखूच्या गाडीत बसवली होती, तंबाखूचा बोद (गठ्ठा) भिजला तो वेगळाच खर्च. तुम्हाला पाहिजे ती सेल्फ मारायचीच, गाडीची बॅटरी, ८० ते १०० एएच, सील्ड मेंटेनन्स-फ्री. पैसे असतील तर एजीएम (अॅसिड आतल्या जाळीत शोषलेली), तिरकी झाली तरी सांडत नाही आणि खोल उतरणं जरा जास्त सोसते. लिथियमचं कोणी सांगितलं तर सध्या कानावर घेऊ नका. आतलं सर्किट अडीचशे-तीनशे अॅम्पिअरला पटकन तोडतं, आणि साध्या डायनामोवर ती थेट लावायची वस्तू नाही.

दोघी एकाच कंपनीच्या, एकाच वयाच्या पाहिजेत का? कायम पॅरललमध्ये असत्या तर हो. म्हातारी नव्या बॅटरीला रात्रभर ओढत राहते. आपण त्या वेगळ्या ठेवतोय, त्यामुळे जुनी पुढं चालेल. पण लोड टेस्टरवर आधी तपासून घ्या, तीन पावसाळे झिजलेली असेल तर तिचाही हिशोब करा.

दोघींच्या मध्ये काय? व्होल्टेज बघून जोडणारा-तोडणारा रिले मिळतो, १४० अॅम्पिअरचा घ्या. इंजिन चालू झालं, पुढची बॅटरी साधारण १३.३ च्या वर गेली की तो मागचीला जोडून घेतो. १२.८ च्या खाली आलं की तोडतो. म्हणजे डायनामो भरतोय तोवर दोघी एक, विंच ओढायला लागली की दोघी वेगळ्या. पण तोडायला तो काही सेकंद घेतो, आणि तेवढ्यात पुढची बॅटरी मागच्या मदतीला धावते, रिलेतून एकदम शंभरावर करंट जातो. रोज असं झालं की कॉन्टॅक्ट चिकटतात. चिकटला की तुम्ही परत जिथं होता तिथंच, आणि तुम्हाला कळत पण नाही. म्हणून मी रिलेच्या काळ्या, मायनसच्या वायरीत डॅशबोर्डवर एक साधं बटण टाकतो. पट्टा अडकवायला उतरायच्या आधी बटण बंद, रिले सुटला. काम झालं, गाडी हलली, बटण चालू. सवय आठवड्यात लागते.

स्वस्तात काम करायचं म्हणून सेल्फचा सोलेनॉइड (कॉइलवर चालणारा जाड स्विच) मध्ये टाकणारे आहेत. तो पाच-दहा सेकंदांसाठी केलेला असतो. तासभर चालू राहिला की त्याची कॉइल जळते, आणि वास यायला लागला की माणूस आधी क्लचप्लेट बघतो. घ्यायचाच तर सतत चालणारा सोलेनॉइड म्हणून वेगळा मिळतो, तो घ्या.

फ्यूज. ह्यावर वाद नको. दोन बॅटऱ्यांमधली केबल दोन्ही टोकांना जिवंत असते, मध्ये कुठं चासीला घासून कातडं गेलं तर दोन्हीकडून करंट तिथं जाणार. म्हणून दोन्ही टोकांना, बॅटरीपासून वीतभर अंतरात, १५० अॅम्पिअरचा फ्यूज. एकाच टोकाला टाकून ‘फ्यूज आहे की ओ’ म्हणणारे भेटतात. दुसऱ्या टोकाचं काय? केबल नळीत घालून चासीच्या आतल्या बाजूनं, सायलेन्सरपासून लांब, दर हातभर अंतरावर क्लिप. विंच आणि मागची बॅटरी यांच्या मध्ये जाड कट-ऑफ स्विच, चावीचा, ५०० अॅम्पिअर झेपणारा. विंचचा कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच) पाण्यानं चिकटला आणि बटण सोडूनही दोर ओढायचा थांबेना तर तो एकच स्विच तुमचा हात वाचवतो. गाडी उभी करून घरी जाताना पण तो बंद.

मायनसला कंजुषी नको, वर वाचलंतच. विंचच्या मोटरपासून मागच्या बॅटरीच्या मायनसला सरळ ७० स्क्वेअर. त्याच बॅटरीचा मायनस चासीला वेगळ्या पट्टीनं, रंग खरवडून, चकचकीत पत्र्यावर, वरून व्हॅसलिन. आणि इंजिन ते चासी ही जी मूळ अर्थची वेणी असते ती एकदा बघून घ्या. निम्म्या गाड्यांत तिचे चार तंतू शिल्लक असतात.

बॅटरीचा कट्टा उद्यमबागेत किंवा ऑटोनगरात बनवून घ्या, ४० चा अँगल, खाली रबर, वरून दोन जे-बोल्टची पट्टी. हातानं हलवून बघितल्यावर गाडी हलली पाहिजे, बॅटरी नाही. चासीला नवीन भोकं पाडू नका, कंपनीची रिकामी भोकं असतात ती वापरा. आणि वेल्डिंग करायच्या आधी दोन्ही बॅटऱ्यांचे मायनस काढा. खोक्याला झाकण असू दे, पण हवा जायला फट हवी. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, बंद डब्यात ठिणगी पडली तर डबा आणि माणूस दोन्हींची वाट लागते. काढताना मायनस आधी, बसवताना मायनस शेवटी. ही शाळेतली गोष्ट आहे, तरी पाना प्लसवर आणि मधेच बॉडीला लागून वितळलेला मी दरवर्षी एक तरी बघतो.

एक इशारा तुमच्यासाठी नाही, तुमच्या शेजारच्या मिस्त्रीसाठी. आपल्याकडं ऊस आणि मॅंगनीज ओढणाऱ्या लॉऱ्यांवर हात बसलेले मिस्त्री जास्त. लॉरीत दोन बॅटऱ्या दिसल्या की त्या सिरीजमध्ये, २४ व्होल्ट. एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला. हात सवयीनं तसाच चालतो. तुमच्या १२ व्होल्टच्या पिकअपला तशी जोडणी झाली की चावी फिरवताच ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), मीटर, बल्ब सगळं एका झटक्यात. संकेश्वरकडच्या एका गाडीचं असं झालेलं मी बघितलंय, नवीन ईसीएमच्या पैशात एक जुनी मोटारसायकल आली असती. प्लस प्लसला, रिलेमार्गे. मिस्त्री जोडत असताना मीटर घेऊन बाजूला उभे राहा, शेवटची वायर लावायच्या आधी १२ की २४ बघा.

तुमची बीएस-४ आहे म्हणून वर सांगितलेलं सगळं सरळ चालेल. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ मधल्या काही गाड्यांचा डायनामो ईसीएमच्या हुकमानं चालतो. बॅटरी भरली असं वाटलं की व्होल्टेज मुद्दाम खाली आणतो, आणि आपला रिले बिचारा तोडून बसतो. तिथं रिलेऐवजी डीसी-टू-डीसी चार्जर लागतो. आणि पुढच्या बॅटरीच्या मायनस टोपीवर सेन्सर असेल तर दुसरं काहीही त्या बुशाला थेट जोडायचं नाही, चासीलाच. ज्यांची नवीन गाडी आहे त्यांनी एवढं बघूनच हात घालावा.

विंच पुढं बंपरला न लावता हौद्यात बसवलीत हे चांगलं केलंत. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रानं बुलबार, क्रॅशगार्डवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं, आणि तुमचा धंदा केए, एमएच, जीए अशा तीन पासिंगच्या हद्दीवरचा. शिनोळीला एक अडवणार, चोर्ल्याच्या खाली दुसरा. हौद्यातलं सामान म्हणून निदान बोलायला जागा राहते. तरी आरसीत काय लिहिलंय ते एकदा आरटीओत विचारून घ्या.

आता बॅटरीवर पैसे घालायच्या आधी ज्याला फार पैसे लागत नाहीत असं एक सांगतो, आणि हे मी प्रत्येक विंचवाल्याला सांगतो, कोणी ऐकत नाही. ड्रमवर दोर जितका कमी तितकी ताकद जास्त. १२,००० पौंड हा आकडा ड्रमवरच्या पहिल्या थराचा आहे. वर तीन-चार थर गुंडाळलेले असताना तीस-चाळीस टक्के ताकद जाते. दोन वावांवर गाडी असली की तुम्ही दोन वाव दोर काढून ओढायला लागता आणि मोटर मरते. त्याऐवजी चाकी (पुली) वापरा. दोर लांब काढा, अडकलेल्या गाडीला चाकी लावा, दोराचा हूक परत आणून आपल्याच चासीला अडकवा. दोर दोनपदरी झाला, ओढ दुप्पट, किंवा तेवढ्याच ओढीला मोटरवरचा भार निम्मा, ड्रमवरचे थर पण कमी. वेळ दुप्पट लागतो खरा, पण तीनशेच्या जागी दीडशे अॅम्पिअरनं बॅटरीला श्वास घेता येतो, केबल तापत नाही. आणि ओढायच्या आधी रुतलेल्या चाकापुढची माती फावड्यानं काढा. कणकुंबीकडची तांबडी माती पावसात साबणासारखी, ती एकवेळ सोडते. चिक्कोडी-निपाणीची काळी माती चाकाला धरून बसते, तिथं पाच मिनिटं फावडं मारलं की शंभर अॅम्पिअर वाचतात. दोर ताणलेला असताना मध्ये कोणी उभं राहायचं नाही, दोरावर एक भिजलं पोतं टाका, तुटला तर कमी उसळतो.

ओढताना इंजिन आयडलला ठेवू नका, हातानं १,५०० आरपीएमच्या आसपास धरा. रिले सुटलेला असला तरी पुढची बॅटरी भरलेली राहते. काम झाल्यावर लगेच इंजिन बंद करू नका. कणकुंबीहून बेळगावला येईपर्यंत तास-दीड तास मागची बॅटरी बरीच भरते, पण शेवटचे वीस टक्के डायनामोनं भरत नाहीत, त्याला निवांत वेळ लागतो. म्हणून आठवड्यातून एकदा, लाइट असेल त्या रात्री, घरी १४.४ चा चार्जर लावून ठेवा. सकाळी चार्जर काढून दोन तासांनी मीटर लावा. १२.६ च्या वर पाहिजे. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. अर्ध्यावर महिनाभर राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतो आणि दुसऱ्या वर्षी तुम्ही मला परत प्रश्न विचारणार. दिवाळीनंतर विंचला काम नसतं, तेव्हा पण महिन्यातून एकदा चार्जर.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी आहे त्या गाडीवर भार लावून दोन आकडे घ्या: बॅटरीच्या प्लसपासून विंचच्या प्लसपर्यंत किती व्होल्ट गेले, आणि मायनस बुशापासून मोटरच्या बॉडीपर्यंत किती. पिना शिशाच्या बुशावरच ठेवा, क्लॅम्पवर नको, नाहीतर क्लॅम्पचा दोष सुटतो. मायनसला अर्ध्या व्होल्टच्या वर दिसला तर ते आधी नीट करा, कदाचित तिसरी गाडी तेवढ्यानंच निघेल. मग इंजिन चालू, सगळे लाइट लावून, १,५०० वर पुढच्या बॅटरीला व्होल्टेज बघा. १३.८ च्या खाली असेल तर डायनामोचे कार्बन आणि पट्टा बघा, कारण मुळात भरणाराच आजारी असेल तर दुसरी बॅटरी म्हणजे दुसरं रिकामं पिंप. हे आकडे इथंच खाली लिहा, सोबत विंचवरची पाटी आणि थिंबलांचा फोटो टाका. मृग लागायच्या आत केलंत तर बरं, एकदा पाऊस धरला की उद्यमबागेतला कट्टेवाला पण आठ दिवस फोन उचलत नाही.